उसनवारीची पावडर

माझ्या गॅरेजमधल्या कपाटात पावडरच्या ज्या बाटल्या आहेत, त्यांतली एकही मी भरतो त्या काडतुसासाठी बनलेली नाही. एक आली ती .२२ हॉर्नेट नावाच्या चिमुकल्या रायफलच्या काडतुसामुळे. दुसरीचा जन्म दुसऱ्या महायुद्धातल्या कार्बाइनशी जोडलेला. तिसरी शॉटगननं बदकं मारणाऱ्यांसाठी निघाली. मी भरतो ते काडतूस म्हणजे ७.६२ टोकारेव्ह. पुंगळी २५ मिलिमीटर लांब, पोटाशी जाड आणि मानेशी एकदम आवळलेली. पिस्तुलाच्या काडतुसांत ही घडण विरळा. तिला इथं सगळे बॉटलनेक म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मी मूळचा खडकीचा. १८६९ साली उभ्या राहिलेल्या ॲम्युनिशन फॅक्टरीचा भोंगा ऐकत वाढलो. घरातली अर्धी माणसं तिथं कामाला होती, पण काडतुसात काय भरतात यावर घरी कोणी चकार शब्द काढत नसे. ते बोलायचं नसतं, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढं नोकरीनिमित्त कॅन्सस सिटीच्या उपनगरात आलो आणि पाहतो तर इथं काडतुसं भरणं हा रविवारचा उद्योग. शेजारचे आजोबा गॅरेजचं दार वर करून, चष्मा नाकावर ओढून, तराजूवर पावडर जोखत बसायचे. खडकीत जे गुपित होतं ते इथं हार्डवेअरच्या दुकानात बाटलीबंद मिळत होतं. यंत्र अभियंता असल्यामुळे मला लगेच एक प्रश्न पडला: दुकानातल्या इतक्या बाटल्यांतली कुठली घ्यायची, हे कोणी आणि कसं ठरवलं? उत्तर शोधायला जुनी हस्तपुस्तकं जमवली. उत्तरात रसायनशास्त्र होतं, पण त्याहून जास्त सापडली ती लढाया संपल्यावर गोदामात उरलेल्या मालाची हकीकत.

सुरुवातीला निवडीचा प्रश्नच नव्हता. १८७३ मध्ये विंचेस्टरनं आपल्या प्रसिद्ध रायफलीबरोबर .४४-४० काडतूस काढलं. नावातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा: चाळीस ग्रेन. (एका पौंडात ७००० ग्रेन. काडतुसाच्या धंद्यात आजही हेच माप चालतं.) पुढं कोल्टनं त्याच काडतुसासाठी रिव्हॉल्व्हर बनवलं आणि खांद्यावरच्या नि कमरेच्या हत्याराला एकच पट्टा पुरू लागला. या पुंगळीला मानेशी किंचित आवळ होता. म्हणजे पिस्तुलातलं बॉटलनेक जर्मनांनी आणलं असं जे सांगतात, ते अर्धंच खरं. अमेरिकन गुराखी त्याआधी पंधरा वर्षं ते कमरेला लावून हिंडत होता. पाठोपाठ .३८-४० आणि .३२-२० ही भावंडं आली, तीही तशीच आवळ असलेली. पातळ पितळेची मान बार उडताच फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि काजळी मागं येऊ देत नाही. आज जुन्या पद्धतीच्या नेमबाजीच्या स्पर्धांत काळी दारू वापरणारे लोक .४४-४० वर जीव टाकतात ते यासाठीच.

काळ्या दारूचा नियम सरळ होता. पुंगळी भरा, वर गोळी दाबा, मध्ये हवेला जागा ठेवू नका. निवड करायची ती दाण्याची, जाड का बारीक एवढीच. त्यामुळे सामान्य माणूस घरी बसून काडतुसं भरू शकत होता. विंचेस्टर स्वतः भरणीचे चिमटे विकत असे, कारण दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असणाऱ्या माणसानं रायफल घ्यावी तर त्याला पुंगळ्या पुन्हा वापरता यायला हव्यात. १८८४ मध्ये जॉन बार्लो या गृहस्थानं कनेटिकटमध्ये आयडियल नावाची कंपनी काढली. तिचा चिमटा एका हातात मावायचा. पावडर पेटवणारी टोपी जळाली की ती काढायची, नवी बसवायची, मान पुन्हा आवळायची, गोळी दाबायची, सगळं त्याच एका अवजारात. चिमट्याच्या जोडीला बार्लो एक हस्तपुस्तिकाही काढत असे, आणि माझ्या मते चिमट्यापेक्षा तिचं मोल अधिक. घरी भरणाऱ्या माणसाला छापील कोष्टकाची सवय लावली ती तिनं. आयडियल पुढं १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेली. लायमनचं हस्तपुस्तक अजून निघतं.

मग धूर गेला. १८८४ मध्ये पॅरिसमध्ये पॉल व्हिएय यानं नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये मळून त्याच्या पातळ चकत्या केल्या. दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हातात लेबेल रायफल आली. नोबेलनं १८८७ मध्ये बॅलिस्टाइट काढलं. १८८९ मध्ये इंग्लंडात एबल आणि ड्युअर यांनी कॉर्डाइट काढलं, तेच शेवयांसारख्या कांड्यांचं, जे पुढं निलगिरीत अरवनकाडूच्या कारखान्यात बनू लागलं. ताकद काळ्या दारूच्या जवळजवळ तिप्पट. त्याहून मोठा फरक जळण्याच्या तऱ्हेत होता. ही पावडर पृष्ठभागावरून जळते, आणि दाब वाढला की आणखी वेगानं जळते. वेगानं जळाली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दाण्याचा आकार, जाडी, त्यात भोक आहे की नाही, वर सावकाश जळणाऱ्या द्रव्याचा लेप आहे की नाही, यावर सगळं अवलंबून. चुलीत भुसा टाकला तर भसकन पेटून संपतो, ओंडका टाकला तर तासभर धगधगतो. दोन्ही लाकूडच. पावडरच्या निवडीची सगळी विद्या या एका गोष्टीच्या भोवती फिरते.

ही नवी पावडर जुन्या सवयीच्या माणसांच्या हातात पडली आणि बंदुका फुटू लागल्या. पुंगळी काठोकाठ भरायची हे दोन पिढ्यांनी शिकलेलं, ते एकदम विसरायचं कसं? कारखान्यांनी त्यावर तोडगा काढला. काहींनी पोकळ, फुगलेली पावडर बनवली, जी काळ्या दारूच्याच मापानं घालता यायची. तिला ‘बल्क’ म्हणत. दुसरी ‘डेन्स’. ती मापानं घालायचीच नाही, तराजूवर जोखायची. डबा दोन्हींचा साधारण सारखाच दिसायचा. डेन्स पावडर बल्कच्या मापानं घालणाऱ्याचं काय होत असेल हे सांगायला नको. जुन्या हस्तपुस्तकांत या विषयावरची पानं वाचताना लेखकाचा आवाज चढलेला जाणवतो. कोल्टनं आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला धूरहीन पावडरची हमी दिली ती १९०० च्या सुमारास. पुढं विंचेस्टरनं .४४-४० चं जलद वेगाचं काडतूस काढलं तेव्हा ते नव्या, मजबूत रायफलींसाठीच आहे, रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नये, असं खोक्यावरच बजावलं. एकाच मापाचं काडतूस एका हत्यारात चालतं आणि दुसऱ्याला फोडतं, ही बॉटलनेकच्या मागं लागलेली साडेसाती तिथून सुरू होते.

याच सुमारास जर्मनीत वेगळंच काही घडत होतं. ह्यूगो बोरशार्ट यानं १८९३ मध्ये बर्लिनच्या लुडविग ल्योव्हे कारखान्यात आपोआप भरणारं पिस्तूल सिद्ध केलं. त्याला असं काडतूस हवं होतं जे मुठीतल्या पेटीतून सुरळीत वर सरकेल, ज्याला मागं बाहेर आलेली कडा नसेल, आणि जे नळीच्या घरात नेमक्या जागी थांबेल. आवळलेल्या पुंगळीचा खांदा नेमका तिथं टेकतो, आणि निमुळतं तोंड घर शोधत जात नाही, अलगद आत शिरतं. ७.६५ बोरशार्ट हे त्या घडणीचं पहिलं यशस्वी काडतूस. १८९६ मध्ये ओबर्नडॉर्फला फीडर्ले बंधूंनी आखलेल्या माउझर पिस्तुलानं जवळजवळ त्याच मापाचं काडतूस घेतलं आणि त्यात जास्त दम भरला. गोळी सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या पुढं जायची. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम येईपर्यंत बाजारातल्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या कुठल्याही काडतुसाला ते साधलं नाही. तरुण विन्स्टन चर्चिलनं १८९८ मध्ये ओमदुरमानच्या लढाईत हेच पिस्तूल चालवलं.

गेओर्ग लुगरनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. बोरशार्टचं बोजड पिस्तूल त्यानं सुटसुटीत केलं, पुंगळी आखूड केली, आणि स्विस सैन्यानं १९०० मध्ये ते ७.६५ मापात स्वीकारलं. पण जर्मन सैन्याला जाड गोळी हवी होती. लुगरनं मान मोकळी केली, पुंगळी जवळजवळ सरळ झाली, आणि १९०२ च्या सुमारास ९ मिलिमीटर पॅराबेलम तयार झालं. आज जगात सर्वांत जास्त चालणारं पिस्तुलाचं काडतूस ते हेच. म्हणजे बॉटलनेकचा सर्वांत यशस्वी वंशज मान गमावून यशस्वी झाला. भरणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर लुगरनं त्याचं आयुष्य सोपं करून टाकलं.

का, ते थोडं उलगडून सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. बॉटलनेक पुंगळीचं पोट मोठं आणि गोळी जायची वाट अरुंद. पोटात झटपट जळणारी पावडर घातली तर गोळी दोन बोटंही पुढं सरकायच्या आत दाब शिगेला पोचतो आणि लगेच ओसरतो. वेग मिळत नाही, पितळेला मात्र मार बसतो. शिवाय अशी पावडर लागते थोडी. ती पोटाच्या तळाशी पडून राहते, आणि चुकून दुसऱ्यांदा घातली तरी वरून कळत नाही. उलट फार सावकाश जळणारी पावडर पोट छान भरते, दुहेरी पडली तर ओसंडून वाहते, भरणारा सावध होतो. पण पिस्तुलाची नळी असते चार-पाच इंच. पावडर पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते आणि उरलेली नळीच्या तोंडाशी जाळ होऊन जळते. रायफलला वीस-चोवीस इंचांची नळी असल्यामुळे ही पंचाईत नाही. म्हणून पिस्तुलाच्या बॉटलनेकला हवी मधली पावडर: पिस्तुलाच्या नेहमीच्या पावडरीपेक्षा मंद, रायफलच्या पावडरीपेक्षा जलद. आणि या मधल्या जागेत कारखान्यांना स्वतःहून कधीच रस नव्हता. तिथं गिऱ्हाईक किती?

अमेरिकेतल्या पावडरींची जुनी घराणी घ्या. लाफ्लिन अँड रँड कंपनीची बुल्सआय १८९८ ची, तिची युनिक त्यानंतर थोड्याच काळातली. दोन्ही अजून दुकानात मिळतात, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. कंपन्या मात्र बदलत गेल्या. लाफ्लिन ड्यूपॉनमध्ये विरली. सरकारनं मक्तेदारीचा खटला भरून ड्यूपॉनची शकलं केली तेव्हा १९१२ मध्ये हर्क्युलिस वेगळी निघाली, आणि १९९५ मध्ये तिचा पावडरीचा धंदा अलायंटकडे आला. बुल्सआय जलद, रिव्हॉल्व्हरच्या सौम्य काडतुसांची. युनिक मध्यम, शॉटगनपासून पिस्तुलापर्यंत कुठंही खपणारी. त्यापलीकडे मंद बाजूला पिस्तुलासाठी बरीच वर्षं काहीच नव्हतं. ती जागा भरली १९३० च्या दशकात, आणि तीही रायफलीच्या कृपेनं. .२२ हॉर्नेट या छोट्या रायफल काडतुसाचं तेव्हा खूळ होतं. त्याच्यासाठी हर्क्युलिसनं २४०० काढली, ड्यूपॉननं ४२२७ काढली. आयडाहोमधला गुरं पाळणारा शेतकरी आणि लेखक एल्मर कीथ यानं २४०० उचलून .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरमध्ये वापरली. त्याच्या खटाटोपातून पुढं १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आलं. बॉटलनेक भरणाऱ्यांनीही याच दोन बाटल्या घरी नेल्या. हॉर्नेटची पावडर, माउझरचं पोट. जमलं.

आणखी एक धागा फ्रेड ओल्सन या रसायनतज्ज्ञाचा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कोठारांत तोफांची पावडर ढिगानं उरली होती आणि जुनी होऊन बिघडत चालली होती. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागारात ओल्सननं तिचं काही करता येईल का याचा विचार सुरू केला. पुढं इलिनॉयमधल्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत जाऊन १९३३ मध्ये त्यानं ते तडीस नेलं. पावडर इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवायची आणि ते सगळं पाण्यात घुसळायचं. थेंब गोल होतात, विद्रावक उडून जातो, खाली राहतात बारीक मणी. जुन्या पद्धतीत आठवडे लागत, इथं काम फार लवकर उरकायचं, आणि बराचसा वेळ माल पाण्यात असल्यामुळे आगीची धास्ती कमी. ही बॉल पावडर दुसऱ्या महायुद्धात एम१ कार्बाइनच्या काडतुसांत लाखोंनी गेली. ओल्सन नंतर कनेटिकटमध्ये राहून चित्रं जमवत असे. जॅक्सन पोलॉकचं ‘ब्लू पोल्स’ काही काळ त्याच्या घरी टांगलेलं होतं. कॅरिबियनमधल्या अरावाक लोकांवर त्यानं पुस्तकही लिहिलं. गोल मण्यांच्या पावडरीवर नाव कमावलेल्या माणसाला शेवटी रंगाच्या शिंतोड्यांची भूल पडावी, याचं मला उगाच बरं वाटतं.

आता आमच्या कॅन्ससकडे येतो. ब्रूस हॉजडन हा इथल्या गॅस कंपनीत विक्रेता होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर सरकारनं उरलेली बरीच पावडर जाळून टाकली होती, हे त्याला ठाऊक होतं. दुसरं संपल्यावर तेच होणार, ती आपण घेतली तर? १९४६ च्या सुमारास त्यानं आयुर्विम्यावर कर्ज काढलं आणि ४८९५ नावाची लष्करी रायफल पावडर टनांनी विकत घेतली. ठेवणार कुठं? गुरांच्या एका कुरणाचा तुकडा भाड्यानं घेतला, तिथं रेल्वेचा जुना मालडबा आणून ठेवला. मासिकात इंचभराची जाहिरात. बायको एमी हिशेब ठेवायची. बॉब आणि जे. बी. ही दोन मुलं शाळेत जाता-जाता गाडीतून पावडरची पार्सलं टाकून यायची. पाच-सहा वर्षांत हॉजडननं नोकरी सोडली. आमच्या घरापासून कंपनी फार लांब नाही. सुरुवातीची मालडब्याची हकीकत या भागात गावच्या पाटलाच्या कर्तबगारीसारखी सांगतात, आणि मला ती पटते. नव्या पिढीला काडतुसं भरायला शिकवली ती स्वस्त पावडरीनं. त्याच काळात कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टनची आरसीबीएस यंत्रं, नेब्रास्कात जॉइस हॉर्नडीच्या गोळ्या, पुढं १९५८ मध्ये विस्कॉन्सिनात रिचर्ड लीचा हातोडीनं चालणारा संच. सगळी माणसं अशीच लहान सुरुवातीतून वर आलेली.

हॉजडनच्या उरल्यासुरल्या मालात कार्बाइनची बॉल पावडरही होती. ती एच११० या नावानं बाजारात आली. कार्बाइन म्हणजे रायफल आणि पिस्तुलाच्या मधलं हत्यार. साहजिकच तिची पावडरही त्या रिकाम्या मधल्या जागेत चपखल बसली. पण उसनी वस्तू मालकाच्या अटींवरच वापरावी लागते. एच११० ला भरपूर दाब हवा, पुंगळी पुरती भरलेली हवी. पुस्तकातल्या मापापेक्षा फार कमी घातली तर ती नीट पेटत नाही, आणि कंपनी तसं स्पष्ट बजावते. कमी घातलं म्हणजे सुरक्षित, हा काळ्या दारूच्या काळातला समज इथं उलटा पडतो.

१९६० च्या सुमारास अमेरिकन कारखान्यांना बॉटलनेकचा झटका आला. १९६१ मध्ये रेमिंग्टनचं .२२ जेट आलं, .३५७ मॅग्नमची पुंगळी लांबच लांब निमुळती आवळून, आणि स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ५३ रिव्हॉल्व्हर त्याच्यासाठी. कागदावरचा वेग डोळे दिपवणारा. प्रत्यक्षात बार उडताच निमुळती पुंगळी पाचरीसारखी मागं सरकून चौकटीला टेकायची आणि चक्र फिरेना. घरात तेलाचा अंश राहिला असेल तर हमखास. रिव्हॉल्व्हरमध्ये बॉटलनेकला मागून घट्ट धरणारं काही नसतं हे मूळ दुखणं. पावडर बदलून ते थोडं कमी व्हायचं, जायचं नाही. त्याच वेळचं .२५६ विंचेस्टर मॅग्नम एकबारी रूगर पिस्तुलात गेलं आणि विझलं. १९६३ चं .२२१ फायरबॉल टिकलं, कारण रेमिंग्टननं त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हरचा नाद सोडून रायफलीची बोल्ट कळ असलेलं पिस्तूलच काढलं. माझा निकाल असा की जेटच्या अपयशाचं खापर पावडरीवर फोडणाऱ्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही.

माझं टोकारेव्ह या सगळ्या धांदलीच्या बाहेर, सोव्हिएत देशात वाढलं. रशियनांनी क्रांतीनंतरच्या काळात माउझर पिस्तुलं इतकी घेतली की आखूड नळीच्या माउझरला ‘बोलो’ हे टोपणनाव बोल्शेविकांवरूनच पडलं. १९३० मध्ये टोकारेव्हनं आपलं पिस्तूल आखलं तेव्हा काडतूस तेच, माउझरचं, जवळजवळ जसंच्या तसं. पुढं पीपीएसएच सबमशीनगननंही ते घेतलं. आणि इथं ती जुनी साडेसाती पुन्हा भेटते. टोकारेव्हचं काडतूस माउझरमध्ये सहज बसतं, पण जुन्या माउझरमध्ये ते चालवू नये असं प्रत्येक जाणकार पुस्तक बजावतं. माप तेच, दमात मात्र तफावत, आणि माउझरच्या पोलादाला आता सव्वाशे वर्षं होत आलेली.

शीतयुद्ध संपल्यावर रुमानिया, पोलंड, युगोस्लाव्हिया इथली टोकारेव्ह पिस्तुलं अमेरिकेत स्वस्तात आली. बरोबर डब्याडब्यांनी लष्करी काडतुसंही आली. ती इतकी स्वस्त होती की हातानं भरायचा विचार वेडेपणाचा. शिवाय त्यांच्या टोप्या बर्डन पद्धतीच्या, पुंगळीच्या तळाला एकाऐवजी दोन बारीक छिद्रं. त्यामुळे ती पुंगळी साध्या अवजारानं पुन्हा वापरता येत नाही. टोपीतल्या क्षारांनी नळी गंजायची, म्हणून प्रत्येक वेळी पाण्यानं धुवायची. लोक धूत. पुढं हा साठा आटला, भाव चढले, आणि मगच माझ्यासारख्यांनी एका छिद्राच्या, बॉक्सर टोपीच्या पुंगळ्या शोधायला सुरुवात केली. काहींनी तर .२२३ रायफलच्या पुंगळ्या आखूड करून, पुन्हा आवळून टोकारेव्ह बनवलं. मानेचं पितळ जाड होतं, ते आतून किंवा बाहेरून कातून काढावं लागतं, नाहीतर गोळी सुटायला जागा राहत नाही. हे काम ज्यानं केलं त्याला कातकामाची आवड असली पाहिजे. मला आहे.

१९९४ मध्ये बॉटलनेक पुन्हा एकदा सरकारदरबारी पोचलं. सिग कंपनी आणि फेडरल यांनी .३५७ सिग काढलं. कल्पना अशी की पोलिसांना .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या १२५ ग्रेन गोळीचा जो वेग आवडायचा तो आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात द्यायचा. पुंगळी .४० स्मिथ अँड वेसनची भावकी, मान आवळून ९ मिलिमीटरची केलेली. पण .४० ची पुंगळी आवळून घरी सिग बनवता येईल म्हणावं तर तिची लांबी किंचित कमी पडते. मान इतकी आखूड की गोळीला धरायला जागाच थोडी. पेटीतून वर सरकताना गोळी उतारावर आपटून आत ढकलली गेली तर पोटातली जागा घटते आणि दाब एकदम वाढतो. म्हणून अनुभवी भरणारे इथं मंद, जागा व्यापणारी पावडर घेतात. भरलेलं पोट गोळीला खालून आधार देतं. ती पावडर कोणती? बहुधा शॉटगनच्या जड बारांसाठी निघालेली ब्लू डॉट, किंवा मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठीच्या मंद बॉल पावडरी. पुन्हा उसनवारी. आणि ब्लू डॉटचं सांगायचं तर २००८ मध्ये अलायंटनंच जाहीर केलं की .३५७ मॅग्नमच्या १२५ ग्रेन गोळीमागं ही वापरू नका. वर्षानुवर्षं लोक वापरत होते, पुस्तकांत मापं छापलेली होती. सीक्रेट सर्व्हिससकट काही खात्यांनी सिग घेतलं, वीसेक वर्षं चालवलं, आणि मग त्यांतली बरीच ९ मिलिमीटरकडे परतली. लुगर जिंकला म्हणायला हरकत नाही.

दुकानाच्या फळीवर आज नावं खूप दिसतात, पण मालक कमी झालेत. ड्यूपॉनच्या परंपरेतली आयएमआर २००३ मध्ये हॉजडनकडे आली. विंचेस्टरच्या नावानं मिळणाऱ्या पावडरी हॉजडनच विकते. २०२० मध्ये ॲक्युरेट आणि रॅमशॉट ही नावंही त्याच घरात आली. बॉल पावडर बरीचशी फ्लॉरिडातल्या सेंट मार्क्सच्या कारखान्यात होते, कांड्यांची बरीच ऑस्ट्रेलियातून येते. नाव जुनं राहतं, कारखाना बदलतो, आणि कधी कधी पावडरही थोडी बदलते. माझ्याकडची १९५० च्या आसपासची पुस्तकं म्हणूनच मी इतिहास म्हणून वाचतो, मापं त्यांतून उचलत नाही. बाटली घेतली की ती बनवणाऱ्याचं चालू सालचं कोष्टक काढायचं, त्यात आपली गोळी आणि आपलं काडतूस नेमकं छापलेलं आहे का ते पाहायचं. नसेल तर बाटली कितीही स्वस्त असो, कपाटात ठेवायची. टोकारेव्हच्या बाबतीत असा कोरा रकाना अनेकदा भेटतो. वाचकांपैकी कोणाच्या आजोबांचं जुनं हस्तपुस्तक अमेरिकेत किंवा इंग्लंडात माळ्यावर पडलं असेल, समासात पेन्सिलीच्या खुणा असतील, तर ते रद्दीत घालू नका. एखाद्या ग्रंथालयाला नाहीतर संग्रहालयाला देऊन टाका. बार्लोच्या पुस्तिका आता शोधूनही सहज मिळत नाहीत.